जुनी मापे, नवी मापे

मनुष्य एकटा राहत असता, तर त्याला मापाची फारशी गरज भासली नसती. भुकेपुरते धान्य ओंजळीने घ्यावे, अंगापुरते वस्त्र अंगावरच जोखावे, एवढ्याने त्याचे भागले असते. परंतु मनुष्य समाजात राहतो. तो दुसऱ्याला काही देतो व दुसऱ्याकडून काही घेतो. अशा वेळी देणारा व घेणारा ह्या दोघांनाही 'किती?' ह्या प्रश्नाचे एकच उत्तर मिळावे लागते. ते तसे मिळावे म्हणून मापे निर्माण झाली. माप हा एका दृष्टीने दोघांमधला करार होय. म्हणूनच आपल्याकडे व्यवहारातील लबाडीला 'मापात पाप' असे म्हणतात.

पहिली मापे माणसाने स्वतःच्या शरीरावरून घेतली. बारा अंगुळांची वीत आणि दोन वितींचा हात, हे कोष्टक कोणालाही कोठेही उपयोगी पडे. धान्य मोजण्यासाठी आपल्याकडे चिपटे, मापटे, शेर व पायली ही मापे होती. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली. सोन्यासाठी गुंज, मासा व तोळा ही वजने होती. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा. पैशाची गणती निराळीच होती. बारा पैचा एक आणा व सोळा आण्यांचा एक रुपया. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली आणि आठ आण्यांची अधेली.

ही सारी मापे कामाची होती; परंतु त्यांत एक मोठी अडचण होती. नाव एक असले तरी माप एक नसे. शेर वजनाचा असे, तसा तो कैलीही असे, म्हणजे भांडे भरून मोजण्याचा असे. वजनी शेरात जोंधळे काय किंवा कापूस काय, भार सारखाच भरावयाचा. कैली शेरात मात्र दाणा लहान की मोठा, ओला की सुका, ह्यावर भार अवलंबून राही. मणाची गोष्ट तर ह्याहून नवलाची. इंग्रजी अमदानीत बंगाली मण सुमारे ८२ पौंडांचा, मुंबईचा मण २८ पौंडांचा व मद्रासचा मण २५ पौंडांचा समजला जाई. आजच्या भाषेत सांगायचे, तर पहिला सुमारे ३७.३ किलोग्रॅम, दुसरा १२.७ किलोग्रॅम आणि तिसरा ११.३ किलोग्रॅम. 'शंभर मण माल पाठवा' असे पत्र एका शहरातून दुसऱ्या शहरात गेले आणि मण कोणता ते त्यात लिहिलेले नसले, तर केवढा घोटाळा होईल, ह्याची कल्पना तुम्हीच करा. जाणता व्यापारी त्यातून निभावून जाई. ज्याला हिशेब येत नसे, त्या शेतकऱ्याला मात्र दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून राहण्यावाचून गत्यंतर नसे.

असा गोंधळ केवळ आपल्याच देशात होता असे नाही. फ्रान्समध्येही अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत गावोगावची मापे भिन्न होती. राज्यक्रांतीनंतर तेथील विद्वानांनी असे ठरविले की, माप हे कोणा राजाच्या हातावरून किंवा एखाद्या पेठेच्या रूढीवरून घेऊ नये. सर्वांची जी पृथ्वी, तिच्यावरूनच ते घ्यावे. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर. हे अंतर काढण्यासाठी देलांब्र आणि मेशें ह्या दोन शास्त्रज्ञांनी १७९२ पासून अनेक वर्षे खपून डंकर्क ते बार्सिलोना ह्या पट्ट्याची मोजणी केली. युद्धाची धामधूम चालू असतानाही त्यांनी काम सोडले नाही. १७९९ मध्ये मीटर व किलोग्रॅम ह्यांची प्रमाणे ठरली. पुढे शास्त्राची प्रगती झाली, तशी ह्या मापांची व्याख्या अधिक काटेकोर होत गेली. १९८३ पासून मीटर हा प्रकाशाच्या वेगावरून ठरविला जातो आणि २० मे २०१९ पासून किलोग्रॅमही निसर्गातील एका अचल अंकावरून ठरविला जातो. मूळ कल्पना मात्र तीच राहिली: माप सर्वांचे असावे आणि ते कोणाच्या लहरीने बदलू नये.

भारत स्वतंत्र झाल्यावर आपल्या देशानेही ही पद्धती स्वीकारण्याचे ठरविले. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी चलनात आली. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. १९५६ च्या कायद्याने मीटर व किलोग्रॅम ही देशाची मापे ठरली. ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आली आणि १९६२ पर्यंत व्यापारातून शेर व मण ही वजने कायद्याने दूर झाली. एवढ्या प्रचंड लोकसंख्येच्या देशाने आपली नाणी, वजने व गज अवघ्या पाच-सहा वर्षांत बदलावे, ही लहानसहान गोष्ट नव्हती.

नव्या पद्धतीचा लाभ कोणता झाला, ते एका उदाहरणावरून पाहू. एका वस्तूची किंमत २ रुपये ५ आणे ७ पै आहे. तर अशा पाच वस्तूंची किंमत किती? जुन्या काळचा विद्यार्थी म्हणे: सात पाचे पस्तीस पै, म्हणजे २ आणे व ११ पै. पाच पाचे पंचवीस आणे, त्यात हातचे दोन मिळवून सत्तावीस, म्हणजे १ रुपया व ११ आणे. पाच दुणे दहा रुपये, त्यात हातचा एक मिळवून अकरा. उत्तर ११ रुपये ११ आणे ११ पै. ह्यात एकदा बाराने व एकदा सोळाने भागावे लागले. असे हिशेब झटपट यावेत म्हणून त्या काळी मुलांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी घोकून घेत. आज २ रुपये ३५ पैशांची पाचपट करावयाची असल्यास साध्या संख्येप्रमाणे गुणाकार केला की झाले: ११ रुपये ७५ पैसे. दशमान पद्धतीत वरच्या मापावरून खालच्या मापावर येताना केवळ दशांशचिन्ह सरकते.

परंतु जुन्यातून नव्यात जाण्याची वाट तितकी सरळ नव्हती. एका आण्याचे नवे पैसे किती? १०० ला १६ ने भागले असता सव्वासहा येतात. पाव पैशाचे नाणे तर कोठेच नाही. तेव्हा कायद्याने असा नियम घालून दिला की, अर्धा किंवा त्याहून कमी अपूर्णांक सोडून द्यावा आणि अर्ध्याहून अधिक असल्यास पूर्ण एक पैसा धरावा. त्याप्रमाणे एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ व चार आण्यांचे २५ नवे पैसे झाले. आता पाहा: एका गिऱ्हाइकाने आण्याआण्याच्या चार वस्तू घेतल्या. प्रत्येकीचे ६ धरले तर २४ पैसे होतात. पण चार आणे म्हणजे २५ पैसे. दुकानदाराचा एक पैसा बुडाला. दुसऱ्याने तीन तीन आण्यांच्या चार वस्तू घेतल्या. प्रत्येकीचे १९ धरले तर ७६ होतात; पण बारा आणे म्हणजे ७५ पैसे. येथे गिऱ्हाइकाचा एक पैसा गेला. ह्यावरून रूपांतराचा पहिला नियम लक्षात येतो: बेरीज आधी करावी व रूपांतर शेवटी एकदाच करावे. जितक्या वेळा आपण अपूर्णांक टाकतो किंवा वाढवितो, तितक्या वेळा चूक हिशेबात शिरते. एक पैसा एकाच्या दृष्टीने क्षुल्लक असतो. पण रोज शेकडो माणसे ज्या दुकानात येतात, तेथे तो क्षुल्लक राहत नाही.

आता वजनाकडे वळू. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. अर्थात् किलोग्रॅम हा शेराहून थोडा मोठा आहे. वजन शेरात दिलेले असेल, तर त्याला ०.९३३ ने गुणावे, म्हणजे किलोग्रॅम मिळतील. १० शेर म्हणजे ९.३३ किलोग्रॅम. पण भावाचे काय? साखर एका रुपयाला शेर असेल, तर एका किलोग्रॅमला किती पडावे? येथे पुष्कळ जण घाईने गुणाकारच करतात व ९३ पैसे असे उत्तर देतात. थोडा विचार केला तर ते चुकीचे आहे हे कळते. कारण किलोग्रॅम मोठा, म्हणून त्याची किंमतही अधिक असावयास हवी. येथे १०० पैशांना ०.९३३ ने भागले पाहिजे. उत्तर सुमारे १०७ पैसे येते. हा दुसरा नियम होय: मोजण्याचे माप मोठे झाले की मापांची संख्या घटते आणि एका मापाची किंमत वाढते. हे ज्याला समजले, त्याला कोणी फसवू शकत नाही. 'आता शेर जाऊन किलो आला, म्हणून भाव सव्वा रुपया' असे कोणी म्हटले, तर १०७ पैशांवरचे १८ पैसे नव्या मापामुळे वाढलेले नाहीत, हे तो तत्काळ ओळखील.

जमिनीच्या बाबतीत तर अधिकच जपावे लागते. आपल्या राज्यात लोक आजही एकर व गुंठे ह्या भाषेत बोलतात. परंतु सातबाराच्या उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर ह्यांत लिहिलेले असते. चाळीस गुंठ्यांचा एक एकर आणि शंभर आरांचा एक हेक्टर. तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा. दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद जागा म्हणजे एक आर. तेहतीस फूट म्हणजे १०.०५८४ मीटर, म्हणून गुंठ्याचे क्षेत्र १०.०५८४ × १०.०५८४, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर होते. आर मात्र बरोबर १०० चौरस मीटरांचा. हा फरक इतका थोडा आहे की, 'गुंठा म्हणजेच आर' असे म्हणण्याचा मोह सहज होतो. पण अडीच एकरांचा हिशेब करून पाहा. अडीच एकर म्हणजे १०० गुंठे, म्हणजे सुमारे १०,११७ चौरस मीटर. हेक्टर १०,००० चौरस मीटरांचा. 'अडीच एकर म्हणजे एक हेक्टर' असे समजून खरेदीखत केले, तर विकणाऱ्याची ११७ चौरस मीटर जमीन, म्हणजे एका गुंठ्याहूनही अधिक जमीन, नाहक जाते. तेवढ्या जागेत एक लहानसे घर उभे राहते.

ह्याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दिसून येते. लांबीचे रूपांतर करणारा अंक क्षेत्रफळाला चालत नाही. एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, म्हणून एक चौरस फूट म्हणजे ०.३०४८ चौरस मीटर, असे समजणे चुकीचे आहे. त्या अंकाचा वर्ग करावा लागतो. एक चौरस फूट म्हणजे सुमारे ०.०९२९ चौरस मीटर.

सोन्याच्या तोळ्याची कथाही जाणून घेण्यासारखी आहे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. पुढे बाजारात सोन्याचा भाव दहा ग्रॅमवर सांगण्याची रीत पडली आणि लोक त्या दहा ग्रॅमलाच 'तोळा' म्हणू लागले. नाव राहिले व माप बदलले. आजीचे जुने दागिने जर पाच तोळ्यांचे म्हणून घरात ओळखले जात असतील आणि ते जुन्या मापाने केलेले असतील, तर त्यांचे वजन सुमारे ५८.३ ग्रॅम भरले पाहिजे. त्यांचे पन्नासच ग्रॅम धरले, तर आठ ग्रॅमांहून अधिक सोन्याचा फरक पडतो. तेव्हा जुना दस्तऐवज किंवा जुनी वही वाचताना, हे माप कोणत्या काळचे व कोणत्या पेठेचे, हे प्रथम विचारावे.

सर्वच रूपांतरे गुणाकार-भागाकाराने होत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. ताप मोजण्याच्या दोन पद्धती आहेत: फॅरनहाइट व सेल्सियस. ह्या दोहोंचे शून्य एकाच ठिकाणी नाही. पाणी सेल्सियसच्या शून्य अंशाला गोठते. तेच फॅरनहाइटमध्ये ३२ अंशांना. म्हणून फॅरनहाइटच्या अंकातून प्रथम ३२ वजा करावे, नंतर बाकीला ५ ने गुणून ९ ने भागावे. रोग्याचा ताप १०४ अंश फॅरनहाइट असल्यास, १०४ वजा ३२ बरोबर ७२, आणि त्याचे पाच-नवमांश ४०. म्हणजे ४० अंश सेल्सियस. नुसता '४०' हा अंक ऐकून ताप थोडा आहे असे समजणे किती घातक ठरेल!

मापाचे नाव सोडून नुसता अंक धरला असता काय ओढवते, ह्याचे एक बोलके उदाहरण कॅनडा देशात घडले. तो देश त्या वेळी जुनी मापे सोडून मेट्रिक मापे स्वीकारीत होता. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडा कंपनीचे एक विमान माँट्रिअलहून ऑटावामार्गे एडमंटनला निघावयाचे होते. प्रवासासाठी २२,३०० किलोग्रॅम इंधन आवश्यक होते. इंधन दाखविणारे यंत्र बिघडले असल्यामुळे टाकीत काठी घालून इंधन मोजण्यात आले. ते ७,६८२ लिटर भरले. आता लिटरांचे वजन काढावयाचे. कागदावर १.७७ हा अंक होता. ७,६८२ ला १.७७ ने गुणून १३,५९७ आले. ते २२,३०० मधून वजा करता ८,७०३ उरले. पुन्हा १.७७ ने भागून सुमारे ४,९१७ लिटर इंधन भरावे असे ठरले आणि तेवढेच भरण्यात आले.

ह्या गणितात गुणाकार बरोबर, वजाबाकी बरोबर, भागाकारही बरोबर. तरीही उत्तर साफ चुकले, कारण १.७७ हा अंक एका लिटर इंधनाचे वजन पौंडात सांगत होता, किलोग्रॅममध्ये नव्हे. किलोग्रॅममध्ये ते वजन सुमारे ०.८ भरते. म्हणजे टाकीत असलेले इंधन १३,५९७ किलोग्रॅम नसून जेमतेम ६,१७० किलोग्रॅम होते, आणि नवे इंधन सुमारे २०,००० लिटर भरावयास हवे होते. हव्या त्या इंधनाच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान उडाले. ४१,००० फुटांवर, म्हणजे जवळजवळ साडेबारा किलोमीटर उंचीवर असताना इंधन संपत आले आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिने बंद पडली. विमानात ६९ माणसे होती. वैमानिक रॉबर्ट पिअर्सन ह्यांना इंजिनाविना उडणारी ग्लायडर विमाने चालविण्याचा अनुभव होता. त्यांनी व त्यांचे सहकारी मॉरिस क्विंटल ह्यांनी ते अवजड विमान तरंगत खाली आणले व गिमली येथील एका जुन्या धावपट्टीवर उतरविले. एकही प्राण गेला नाही. वैमानिकांच्या कौशल्याची जगाने वाखाणणी केली. परंतु त्या कौशल्याची कसोटी पाहण्याचा प्रसंग आला तो एका अंकापुढे मापाचे नाव न पाहिल्यामुळे. कागदावर '१.७७ पौंड दर लिटरला' एवढे स्पष्ट लिहून ते प्रत्येक पायरीवर वाचले असते, तर चूक तेथल्या तेथे उघडकीस आली असती.

म्हणून तिसरा व सर्वांत महत्त्वाचा नियम हा: अंक लिहावा तो मापासह लिहावा, आणि उत्तर आल्यावर ते संभवनीय आहे की नाही, हे मनाशी ताडून पाहावे. एका लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असते. विमानाचे इंधन पाण्यावर तरंगते. मग त्याच्या एका लिटरचे वजन १.७७ किलोग्रॅम कसे असेल? एवढा एक प्रश्न कोणी विचारला असता, तरी पुरे होते.

जुनी मापे बाजारातून गेली. भाषेतून मात्र ती गेली नाहीत. 'सोळा आणे खरे', 'शेरास सव्वाशेर', 'पायांत मणामणाच्या बेड्या', 'गुंजभर सोने' असे आपण आजही म्हणतो. २५ पैशांचे नाणे २०११ मध्ये चलनातून गेले. तरी 'चार आण्याचीही किंमत नाही' हा शब्दप्रयोग आपल्या तोंडी आहेच. 'शेरास सव्वाशेर' ह्याचे कोणी किलोग्रॅममध्ये रूपांतर करीत नाही व करूही नये. कारण तेथे भार मोजावयाचा नसतो. पण जेथे धान्य, जमीन, औषध किंवा इंधन मोजावयाचे असते, तेथे असा सैलपणा चालत नाही. तेथे अंकाची व मापाची फारकत कधीही होऊ देऊ नये.

स्वाध्याय

१. एकाच नावाची मापे निरनिराळ्या ठिकाणी भिन्न असल्याने शेतकऱ्याचे नुकसान कसे होत असे, ते तुमच्या शब्दांत सांगा.

२. दोन आण्यांच्या दोन वस्तूंचे नवे पैसे (अ) प्रत्येक वस्तूचे निरनिराळे रूपांतर करून व (आ) बेरजेचे एकदाच रूपांतर करून काढा. उत्तरांत फरक का पडतो?

३. ६० गुंठे जमीन म्हणजे किती चौरस मीटर? तिचे आर किती होतील?

४. १०२.२ अंश फॅरनहाइट ताप सेल्सियसमध्ये लिहा.

५. 'गुणाकार बरोबर असूनही उत्तर चुकले.' पाठातील विमानाच्या प्रसंगावरून हे वाक्य स्पष्ट करा.

६. तुमच्या गावातील वडील मंडळींना विचारून तेथील जुन्या मापांची नावे जमवा. ज्या म्हणींत व वाक्प्रचारांत ही नावे येतात, त्यांची यादी करून प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.